नंबर बरोबर, तरी बूट ढगळ

बूट चावतो ही तक्रार घरोघर ऐकू येते आणि तिच्यावरचे तोडगेही घरोघर ठाऊक असतात. चामड्याला खोबरेल चोळा, आत कागद कोंबून ठेवा, चार दिवस घरातल्या घरात वापरा. याच्या उलट तक्रार मात्र कोणी फारशी मनावर घेत नाही. बूट लांबीला नेमका बसतो, पण बाजूंनी पोकळ राहतो. पावलागणिक टाच वर निसटते. सँडलमध्ये पाऊल पुढे घसरतं आणि बोटं तळाबाहेर डोकावतात. बेली घातली तर ती पायात धरून ठेवण्यातच बोटं शिणून जातात. दुकानदार म्हणतो, 'एक नंबर कमी काढतो.' तो काढला की अंगठा पुढे टेकतो. मग दोन वाइटांतलं कमी वाईट घेऊन गिऱ्हाईक घरी जातं.

अरुंद पावलांच्या माणसांचं हे नेहमीचं दुखणं आहे. त्यांच्या पावलात मात्र काही खोट नसते. खोट आहे ती मापाच्या पद्धतीत, आणि तिचा अंदाज आला की मार्गही बरेच निघतात. सगळ्या मार्गांचं सार एकच: अरुंद पायाला लहान बूट लागत नाही, आवळता येईल असा बूट लागतो.

एका आकड्यात न मावणारं पाऊल

आपण ज्याला 'नंबर' म्हणतो तो ब्रिटिश पद्धतीचा. एका नंबरात इंचाच्या तिसऱ्या भागाचा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो, आणि तो फक्त लांबीतला. रुंदीबद्दल खोक्यावर अक्षरही नसतं. बनवणाऱ्याला ती अर्थातच ठाऊक असते. बूट ज्या पावलाच्या आकाराच्या साच्यावर ओढून बेततात, त्याला धंद्यात लास्ट किंवा फर्मा म्हणतात. त्या साच्याचा चवड्याभोवतीचा घेर नंबरागणिक ठरलेल्या प्रमाणात वाढतो, इंग्रजी पद्धतीत सुमारे पाव इंच. 'एक नंबर कमी' हा सौदा आतबट्ट्याचा का, हे इथेच कळतं. सहा मिलिमीटर घेर कमी करण्यासाठी आपण साडेआठ मिलिमीटर लांबी गमावतो. दोन नंबर उतरलं तर घेर कदाचित जमेल, पण अंगठ्याच्या नखाचं काही खरं नाही.

इतर देशांनी या दुसऱ्या मापाची सोय केव्हाच केली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी एका जोडेविक्रेत्याचा मुलगा चार्ल्स ब्रॅनॉक याने १९२०च्या दशकात पाऊल मोजायचं धातूचं साधन बनवलं. त्यावर पाऊल ठेवलं की तीन मापं मिळतात: टाचेपासून बोटापर्यंतची लांबी, टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतची लांबी आणि रुंदी. तिथे रुंदीला अक्षरं आहेत. पुरुषांचं सर्वसाधारण माप डी आणि अरुंद बी. बायकांचं सर्वसाधारण बी, अरुंद डबल ए. जपानच्या मानकात लांबीच्या जोडीला चवड्याचा घेर असतो आणि त्यानुसार ए, बी पासून चार ई आणि पुढेही पायऱ्या असतात. जर्मनीत मुलांच्या बुटांसाठी डब्ल्यूएमएस ही पद्धत आहे. तिच्यात एकाच लांबीचे बूट रुंद, मध्यम आणि अरुंद अशा तीन मापांत निघतात. सैन्याच्या आणि बर्फावर घसरण्याच्या बुटांसाठी मोंडोपॉइंट पद्धत चालते, तिच्या मूळ मानकात लांबी आणि रुंदी दोन्ही थेट मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते.

आपल्याकडे हे आलं नाही, त्यामागे साधा हिशेब आहे. पुरुषांचा एक नमुना सहा ते अकरा नंबरांत आणि दोन रंगांत ठेवायचा तर बारा खोकी लागतात. तीन रुंद्या ठेवायच्या म्हटलं तर छत्तीस. लक्ष्मी रोडवरच्या किंवा दादरच्या चिंचोळ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर तेवढी जागा नसते आणि अडकलेल्या मालाचं भांडवलही परवडत नाही. म्हणून दुकानदार बहुसंख्यांच्या पावलाला जमेल तो माल ठेवतो.

बहुसंख्यांचं पाऊल रुंद

बहुसंख्यांचं पाऊल कसं आहे, याचं मोजमाप आता झालेलं आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावलं त्रिमितीय यंत्राने मोजली. भारतीय पाऊल युरोपीय किंवा अमेरिकी पावलापेक्षा सरासरीने रुंद असतं, असं त्यात दिसलं. त्यावरून 'भा' नावाची स्वदेशी मापपद्धत सुचवण्यात आली. तिच्यात वय आणि लिंगानुसार आठ गट आहेत आणि पायाला थोडी अधिक ऐसपैस जागा आहे. पाश्चात्त्य मापात पाय कोंबून लाखो माणसं वर्षानुवर्षं कुरूपं आणि फोड सोसत आली, त्यांच्यासाठी हे चांगलंच आहे. पादत्राणांच्या मापावरच्या जगभरच्या संशोधनाचा एक आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातही पाहणीतल्या ६३ ते ७२ टक्के लोकांच्या पायातले बूट लांबीला किंवा रुंदीला चुकीचे निघाले होते, आणि त्यांत घट्ट बुटांचाच भरणा होता.

पण याची दुसरी बाजूही आहे. आजवर अरुंद पावलांच्या भारतीयांना परदेशी साच्याचा नकळत फायदा होत होता. बाकीच्यांना जे बूट चावत, ते यांना कसेबसे बसत. उद्या देशातला सगळा माल रुंद साच्यावर निघू लागला तर ही आपसूक सोय जाईल. सरासरी सुधारली की सरासरीच्या एका टोकाला असलेल्यांची गैरसोय वाढते. 'भा' पद्धतीत अर्ध्या नंबरांची गरज उरणार नाही असं सांगितलं जातं, पण रुंद साच्यात अरुंद पायाचं काय करायचं हा प्रश्न तिथेही शिल्लक राहतो.

पाऊल रुंद की अरुंद, हे काही अंशी वापरावरही ठरतं. कायम अनवाणी चालणारे भारतीय, पादत्राणं वापरणारे भारतीय आणि पाश्चात्त्य यांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात अनवाणी चालणाऱ्यांचा चवडा अधिक रुंद आढळला आणि पाश्चात्त्यांची पावलं सगळ्यांत सडपातळ. म्हणजे एकाच देशात, कधी एकाच घरात, आजोबांचा पाय पसरट आणि नातीचा निमुळता असू शकतो.

अरुंद म्हणजे नेमकं कुठे?

उपाय निवडण्याआधी पाऊल कुठे अरुंद आहे हे पाहायला हवं. काहींचं पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत सरसकट निमुळतं असतं. काहींचा चवडा सर्वसाधारण, पण टाच बारीक. अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेल्यांतही टाच पुष्कळदा चवड्याच्या मानाने बारीक असते. तिसऱ्या प्रकारात रुंदी ठीक असते, पण पावलाची पाठ चपटी असते, त्यामुळे बुटाच्या आत वरच्या बाजूला पोकळी राहते. तिघांचीही तक्रार 'बूट ढिला होतो' हीच, इलाज मात्र तीन.

माप घरीही घेता येतं. संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं. कडक फरशीवर कागद ठेवून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं आणि पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कुणाकडून पावलाची रेघ काढून घ्यायची. स्वतः वाकून काढली तर भार सरकतो आणि माप फसतं. मग सगळ्यांत लांब बोटापासून टाचेपर्यंतचं अंतर, चवड्याची सर्वाधिक रुंदी, टाचेची रुंदी आणि शिंप्याच्या टेपने चवड्याभोवतीचा घेर, हे चार आकडे दोन्ही पायांचे लिहून ठेवायचे. दोन पावलं तंतोतंत सारखी क्वचितच असतात. खरेदी मोठ्या पायाच्या मापाने करायची आणि लहान पायाच्या बुटात भर घालायची.

हातातला बूट रुंद आहे का, हे पाहायला त्याची आतली गादी बाहेर काढून तिच्यावर उभं राहावं. दोन्ही कडांना गादी ठळक उघडी दिसली तर तो बूट आपला नाही. लेस बांधल्यावर भोकांच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडल्या तर तो आणखी आवळायला जागाच उरलेली नाही. चवड्यावरचं कातडं चिमटीत धरता आलं तरी अर्थ तोच.

दुकानात काय निवडावं

लेस असलेला बूट ही अरुंद पायाची पहिली पसंती, आणि लेसची भोकं जितकी अधिक तितकं बरं. काही बुटांत भोकं आतबाहेर अशा दोन ओळींत असतात. बाहेरच्या ओळीतून लेस ओवली की बाजू अधिक आत खेचल्या जातात. लेस नको असेल तर पावलाच्या पाठीवरून आणि घोट्यापाशी असे दोन पट्टे असलेलं सँडल किंवा वेल्क्रोचे फ्लोटर घ्यावेत. बायकांच्या चपलांत घोट्याला बक्कल असलेला किंवा टाचेमागून पट्टा जाणारा नमुना पाहावा.

जे पायात सरकवलं की झालं, ते सगळं अरुंद पायाचं वैरी. लोफर, बेली, मोजडी आणि मागे उघडी असलेली स्लिपर यांना पाऊल धरून ठेवायला केवळ नेमकेपणाचा आधार असतो, आणि आपल्याला न मिळणारी गोष्ट तर तीच. टाच उंच आणि पट्टा नाही, हा जोड तर टाळलेलाच बरा. उतारावर पाऊल पुढे सरकतं आणि सगळा भार बोटांवर येतो. रबराच्या साच्यातून एकसंध निघालेल्या पावसाळी चपलांतही काही कमीजास्त करता येत नाही, म्हणून पावसाळ्यासाठी वेल्क्रोचीच चप्पल घ्यावी.

कोल्हापुरी चपलेचं गणित वेगळं आहे. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेलं तिचं चामडं वापराने सैलावतं आणि पुन्हा आवळत नाही. अरुंद पायाच्या माणसाने नवी कोल्हापुरी रुंदीला चांगली घट्ट घ्यावी. दुकानात मऊसूत बसणारी चप्पल दोन महिन्यांत फटफट वाजू लागते. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत किंवा ओळखीच्या कारागिराकडे पावलाची रेघ काढलेला कागद देऊन पायताण बेतून घेण्याची सोय आजही आहे, आणि ती निमुळत्या पायांसाठी सोन्यासारखी आहे. चपलेच्या बाजूचा कान तळाच्या दोन थरांत शिवला जाण्याआधीच पट्टा पायाला लावून पाहता येतो. तयार चपलेत ही संधी गेलेली असते.

धावण्याच्या किंवा चालण्याच्या बुटांत पुरुषांना एक आडवाट आहे. अमेरिकी अक्षरांत बायकांचं सर्वसाधारण बी हे साधारण पुरुषांच्या अरुंद बीच्या जवळ जातं. त्यामुळे लहान पावलाच्या पुरुषाने बायकांच्या विभागातला बूट घालून पाहावा. अमेरिकी नंबर पुरुषांपेक्षा साधारण दीडने जास्त धरावा लागतो. आपल्या दुकानांत बायकांची मापं लवकर संपतात, म्हणून मोठ्या पायांना ही वाट बंद. बायकांना तर अशी वाटच नाही. अमेरिकेत राहणाऱ्या लेकीसुनांकडून डबल ए मापाचे बूट मागवणारी घरं आहेत. त्यांनी नंबर कळवण्यापेक्षा पावलाची रेघ आणि घेर कळवावा, कारण परत करायला कोणी विमानाने जाणार नाही.

आधी पाठ, मग गादी, शेवटी टाच

घेतलेला बूट थोडा ढिला असेल तर भर घालता येते, पण क्रम महत्त्वाचा. टाच निसटते म्हणून बहुतेक जण पहिल्यांदा टाचेमागे चिकटवायची पट्टी आणतात. ती पाऊल पुढे ढकलते, आणि पुढे जागा नसेल तर बोटं चेंगरतात. टाच निसटण्याचं मूळ पुष्कळदा पुढे असतं. पावलाची पाठ धरली गेली नाही की पाऊल पुढे सरकतं आणि मागे पोकळी होते. म्हणून पहिला इलाज बुटाच्या जिभेखाली. तिथे नमद्याचा किंवा फोमचा पातळ तुकडा चिकटवला की पाऊल खाली आणि मागे दाबलं जाऊन टाचेत बसतं. चपट्या पाठीच्या पायाला एवढं एकच पुरतं.

त्यानंतर गादी. पातळ पूर्ण गादी सगळीकडची पोकळी भरते, पण जाड घातली तर टाच उचलली जाऊन मागच्या भिंतीच्या वर येते आणि जास्तच निसटते. टाचेत नीट पण चवड्यात सैल असलेल्या बुटाला फक्त चवड्याखालची अर्धी गादी घालावी. बंद बेलीतही ती पुढची घसरण थांबवते. एवढं करून टाच हलत असेल तरच मागची पट्टी.

लेसलाही थोडं शिकवता येतं. खेळाच्या बुटांना घोट्यापाशी जे शेवटचं जास्तीचं भोक असतं, ते बहुतेकांचं कायम रिकामं राहतं. लेसचं टोक शेवटून दुसऱ्या भोकातून बाहेर काढून त्याच बाजूच्या शेवटच्या भोकात आत घालायचं, म्हणजे बाजूला छोटा फासा तयार होतो. दोन्हीकडे फासे झाले की डावं टोक उजव्या फाशातून आणि उजवं डाव्यातून ओवून खाली ओढायचं आणि मग गाठ मारायची. चवड्यावर ताण न येता टाच जखडली जाते. यात पैसा लागत नाही आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

रापी, आरी आणि सोल्युशन

कोपऱ्यावरच्या गटई कामगाराकडे आपण तुटलेलं शिवायला जातो, न तुटलेलं बेतून घ्यायला सहसा जात नाही. खरं तर अरुंद पायासाठी त्याच्याइतका उपयोगी माणूस नाही. सँडलचा पट्टा आखूड करण्याचं काम त्याच्या हाताखाली कसं होतं ते पाहण्यासारखं असतं. आधी तो सँडल पायात घालायला लावतो, पट्टा बोटांनी ताणतो आणि तळाच्या कडेशी पेनाने खूण करतो. मग रापीच्या टोकाने तळाचे थर पट्ट्यापुरतेच सोडवतो. पट्टा खुणेपर्यंत आत ओढतो आणि जास्तीचं टोक कापून टाकतो, नाहीतर तिथे तळव्याला गाठ टोचते. जुना चिकटा खरवडून दोन्ही अंगांना सोल्युशन लावतो आणि ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबतो. मग दाबून हातोडीने ठोकतो आणि आरीने दोनचार टाके घालतो. समजणारा कारागीर सगळी लांबी एकाच बाजूने कमी करत नाही, थोडी आतून आणि थोडी बाहेरून करतो. तसं नाही केलं तर पट्टा मधून सरकून करंगळीवर घासतो. चिकटवण्याआधी 'एकदा घालून बघतो' असं आपण म्हणायचं, संकोच करायचा नाही.

साच्यात ओतलेल्या पीयू तळात पट्ट्याची टोकं वितळलेल्या तळातच रुतलेली असतात, तिथे रापी चालत नाही. अशा चपलेत पट्ट्याला कडेजवळ चुणी घालून शिवता येते, बक्कलच्या पट्ट्याला आतल्या बाजूला आणखी भोकं पाडता येतात, टाचेमागच्या पट्ट्यात इलॅस्टिकचा तुकडा जोडता येतो. बेलीला पाठीवरून बारीक इलॅस्टिकचा पट्टा लावला की न टिकणारी बेली टिकते. न जमणारी गोष्टही माहीत असावी: बंद चामडी बूट ताणून मोठा करता येतो, आवळून अरुंद करता येत नाही. दुकानातला 'वापराने बसेल' हा दिलासा घट्ट बुटाबाबत थोडाफार खरा असतो, ढिल्या बुटाबाबत कधीच नाही.

जिथे जपून वागायचं

मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी यातले घरगुती प्रयोग करू नयेत. ढिल्या बुटात पाऊल घासतं, ते कळत नाही, आणि फोडाची जखम होते. बधिर पावलाचा घात त्याला न जाणवणाऱ्या दाबाने आणि घासण्याने होतो, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं. अशा पावलांसाठी मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या) तळाची, मागे पट्टा असलेली पादत्राणं मिळतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, मापाप्रमाणे बनवून घ्यावीत. म्हाताऱ्या माणसांच्या पायात ढिली, मागे उघडी स्लिपर असणं म्हणजे ओल्या न्हाणीघरात पडण्याला आमंत्रण.

मुलांच्या बाबतीत आपली सवयच आड येते. शाळेचे बूट 'वाढत्या अंगाचे' घेतले जातात. सर्वसाधारण पावलाचं मूल त्यात कसंबसं चालतं, निमुळत्या पावलाचं मूल बूट घसटत चालतं किंवा बोटं वाकवून तो धरून ठेवतं. चर्म संस्थेच्या पाहणीत मुलींच्या पावलाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमाराला आणि मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षाच्या सुमाराला शिगेला पोचलेली दिसली. त्याआधीच्या वर्षांत पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी ठेवून, वेल्क्रो किंवा लेस असलेला बूट घ्यावा आणि दर काही महिन्यांनी माप तपासावं. बिनलेसचे काळे बूट सक्तीचे करणाऱ्या शाळांना पालकांनी हे सांगायला हरकत नाही.

खोक्यावर आणखी एक आकडा

प्रत्येक नंबरात तीन रुंद्या ठेवा, अशी मागणी आपल्या बाजारात टिकणार नाही. छत्तीस खोक्यांचा हिशेब आड येतो. तिची गरजही नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे, इतकंच काय एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांचे साचे आजही वेगवेगळ्या घेराचे आहेत. अरुंद साच्यावरचा बूट कुठल्यातरी दुकानात असतोच, फक्त कुठला ते गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो आणि विक्रेत्यालाही माहीत नसतं. साच्याचा चवड्याभोवतीचा घेर बनवणाऱ्याच्या वहीत लिहिलेलाच असतो. तो मिलिमीटरमध्ये नंबराशेजारी छापला तर नवा साचा लागत नाही, जास्तीचा माल ठेवावा लागत नाही, आणि घरबसल्या मागवणाऱ्यालाही टेप घेऊन तुलना करता येते. रुंद पायाच्या बहुसंख्यांचाही यात तेवढाच फायदा आहे. 'भा' पद्धतीच्या निमित्ताने देशाच्या मापाचा विचार नव्याने होतोच आहे, तर लांबीच्या जोडीला घेर छापण्याची सक्ती त्याच मानकात व्हायला हवी.